वानर, माकड आणि अरण्य : सवयींच्या भेदाचा एक अभ्यास

दोन वर्षांपूर्वी आपल्या निवासी विद्यालयाची इयत्ता नववीची सहल अजिंठ्यास गेली होती. सतराव्या लेण्यातील महाकपि जातकाचे चित्र दाखवून मी विद्यार्थ्यांना कथा सांगितली. गंगेकाठच्या विशाल आम्रवृक्षावर ऐंशी हजारांच्या कळपासह राहणारा तो कपिराज. नदीवर झुकलेल्या फांदीवर एकही फळ राहू देऊ नका, ते पाण्यात पडले तर आपला घात होईल, ही त्याची ताकीद. मुंग्यांच्या घरट्याआड लपून राहिलेले एक फळ, ते वाहत वाराणसीच्या राजाच्या हाती पडणे, आणि शेवटी स्वतःच्या देहाचा सेतू करून कपिराजाने कळपास पैलतीरी पोहोचविणे. मुले तन्मय झाली होती. बाहेर पायऱ्यांजवळ काळ्या तोंडाची वानरे बसलेली दिसताच त्यांनी पिशव्यांतून बिस्किटे काढली. मी अडविले नाही. खरे सांगायचे तर एक पुडा मीच विकत घेऊन दिला होता.

त्याच वेळी रायगड जिल्ह्यातून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही तर वानरं आहेत. आमच्या गावाला लाल तोंडाची माकडं पण येतात. ती गाल फुगवून खातात. ही तशी खात नाहीत. मग गोष्टीतली कोणती?"

"कपि म्हणजे दोन्ही," असे सांगून मी वेळ मारून नेली. शिक्षकाला असे उत्तर देता येते, पण पचत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. जीवशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि त्या मुलीने जे पाहिले होते, म्हणजे गाल फुगविणे आणि न फुगविणे, त्यावर शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षे काम केले आहे, आणि एखादे अरण्य पुढे कसे असेल याचा बराचसा निर्णय त्या फुगलेल्या गालात होतो, हे पुढील वाचनात कळले. त्या वाचनातून समजले ते येथे मांडतो.

मराठी भाषेने वानर आणि माकड हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ही मोठी सोय आहे. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर. शास्त्रीय पुस्तकांत त्यास लंगूर म्हणतात. लाल किंवा गुलाबट तोंडाचे, ठेंगणे, खटपटे ते माकड. त्याच्या गटास मकाक म्हणतात. शहरात राहून आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू लागलो, परंतु खेड्यातील माणूस सहसा ही चूक करीत नाही.

दोघांत खरा भेद आहे तो पोटाचा. वानर मुख्यतः पाने, कळ्या, कच्ची फळे आणि बिया खातो. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते. त्यात राहणारे सूक्ष्म जीव पानांतील तंतू आंबवून पचण्याजोगे करतात, आणि पानांतील काही विषारी द्रव्येही तेथेच निष्प्रभ होतात. गाईच्या पोटाशी हे मिळतेजुळते आहे. फक्त वानर रवंथ करीत नाही. पिकून गोड झालेले फळ अशा जठरास फार मानवत नाही. त्यामुळे वानर पुष्कळदा फळ कच्चे असतानाच तोडतो आणि आतली कोवळी बी चावून खातो. चावलेल्या बीपासून झाड होत नाही, हे सांगावयास नकोच. उंबर, वड, पिंपळ यांच्या बारीक बिया मात्र त्याच्याही पोटातून सुखरूप बाहेर पडतात.

माकडाचे जठर साधे असते. त्याला पिकलेले फळ हवे. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात, आणि त्यांत जवळजवळ पोटात मावेल तितके अन्न मावते. कळपात वरिष्ठ माकड खालच्याचे अन्न हिसकावते, आणि फळझाडावर फार वेळ बसणे धोक्याचेही असते. म्हणून माकड भराभर फळे गालात कोंबते, दूर सुरक्षित जागी जाते, आणि तेथे एकेक फळ तोंडात घेऊन, गर चोखून, बी थुंकते. ही थुंकलेली बी एकटी असते, स्वच्छ असते, आणि मूळ झाडाच्या सावलीपासून दूर असते. गर चिकटलेली बी झाडाखालीच राहिली तर तिला बुरशी लागते, किडे लागतात, आणि एका जागी शंभर बिया असल्या तर उंदीर-घुशींस आयते घबाड मिळते. अगदी लहान बिया माकड गिळते, त्या विष्ठेतून आणखी दूर जातात. कळपातील भीती आणि हिसकाहिसकी यांतून निपजलेल्या या सवयीमुळे झाडाची पेरणी होते. माकडाला त्याची गंधवार्ताही नसते.

यावरून वानर नासधूस करणारा आणि माकड उपकारक, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा होईल. मध्य प्रदेशातील कान्हाच्या सालवनात पॉल न्यूटन या अभ्यासकाने १९८०च्या दशकात वानर आणि चितळ यांच्या सोबतीचा अभ्यास केला. वानर फार निष्काळजी खाणारा आहे. फांदी तोडतो, दोन पाने खातो, उरलेली खाली टाकतो. त्याच्या खाली चितळांचे कळप जमतात आणि तो पाला, ती फुले, ती फळे खातात. उन्हाळ्यात गवत वाळून निकस होते, तेव्हा शेंड्याचा कोवळा पाला चितळास स्वतःच्या मानेने कधीच मिळाला नसता. वानराची नजर उंचावरून वाघास टिपते, चितळाचे नाक खालून. एकाने दिलेली धोक्याची हाक दुसरा ओळखतो. वानराच्या उधळेपणामुळे झाडाच्या शेंड्यावरील पोषण जमिनीवर उतरते आणि चितळाच्या, म्हणजे पर्यायाने वाघाच्या, पोटी जाते. ताडोबा, पेंच किंवा मेळघाट येथे गेलेल्यांनी वानरांखाली उभी चितळे पाहिली असतील. आपण ते दृश्य छायाचित्रापुरते पाहतो.

अशा वेगवेगळ्या सवयींचे प्राणी एकाच जंगलात, एकाच फळझाडावर आले तर काय होते, हे पाहावयास युगांडातील किबाले हे अरण्य उत्तम आहे. तेथे चिंपांझी आहे, लाल शेपटीचे लहान माकड आहे आणि पाने खाणारी लाल कोलोबस माकडेही आहेत. ही कोलोबस माकडे आपल्या वानराची दूरची नातलग. जोआना लँबर्ट यांनी येथे चिंपांझी आणि लाल शेपटीचे माकड यांची तुलना केली. चिंपांझीस गालाच्या पिशव्या नसतात. तो फळ बीसकट गिळतो आणि पुष्कळ बिया एका ढिगात फार दूर नेऊन टाकतो. लाल शेपटीचे माकड थोड्याच अंतरावर, पण एकेक बी वेगळी थुंकते. आपल्याकडील काजऱ्याच्या कुळातील एका झाडाच्या बिया त्यांनी तपासल्या, तेव्हा माकडाने चोखून थुंकलेल्या बिया गरासह पडून राहिलेल्या बियांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात रुजल्या. दूर नेणारा एक आणि स्वच्छ करणारा एक. या दोन कामांपैकी कोणतेही एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

त्याच प्रदेशात जंगलाचे लहान तुकडे उरले आहेत, जेथून बरेचसे प्राइमेट, म्हणजे माकड-चिंपांझी वर्गातील प्राणी, नाहीसे झाले होते. कॉलिन चॅपमन आणि त्यांच्या सहकारी यांनी १९९८ साली दाखविले की अशा तुकड्यांत जमिनीवरील रोपे आणि त्यांच्या जाती अखंड अरण्यापेक्षा कमी होत्या. मोठी झाडे मात्र उभीच होती. दुरून पाहणाऱ्यास अरण्य हिरवेच दिसते. त्याची पुढची पिढी जन्मलेली नसते. दक्षिण अमेरिकेत, पेरूमधील मानूच्या परिसरात, शिकारीमुळे मोठ्या अंगाची कोळी-माकडे संपली तेथेही असेच आढळले. मोठी बी गिळण्यास मोठा घसा लागतो. तो घसा नाहीसा झाला की त्या झाडांची रोपे विरळ होत जातात. अशा कित्येक झाडांचे लाकूड जड असते, म्हणजे हवेतील कार्बन साठविण्याच्या कामी तीच अधिक मोलाची.

येथवरचे उदाहरण प्राणी नाहीसे होण्याचे झाले. परंतु प्राणी आहेत, संख्येनेही भरपूर आहेत, आणि केवळ त्यांची सवय बदलली आहे, असे झाले तर? माझ्या मते आपल्या देशापुढचा प्रश्न हाच आहे, आणि अजिंठ्याच्या पायऱ्यांवर घेतलेला तो पुडा मला तेव्हापासून टोचतो तो याचसाठी.

पश्चिम बंगालच्या उत्तरेस, भूतानच्या सीमेलगत बक्सा व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे लाल तोंडाची ऱ्हीसस माकडे आहेत. रक्तगटात आपण जे 'आरएच' म्हणतो ते याच माकडाच्या नावावरून. अस्मिता सेनगुप्ता, किम मॅकॉन्की आणि सिंधू राधाकृष्ण या तीन संशोधिकांनी तेथे या माकडांचा माग काढला. ही माकडे रानातील अनेक जातींची फळे खातात आणि त्यांतील बहुतेकांच्या बिया पसरवितात, असे त्यांना आढळले. परंतु या अरण्यातून डांबरी रस्ता जातो, आणि रस्त्याने जाणारे लोक माकडांस खाऊ घालतात. कोणी पुण्य म्हणून, कोणी मौज म्हणून. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचे तात्पर्य असे की जेव्हा माणसांनी दिलेले अन्न अधिक मिळे, तेव्हा माकडे रानफळे कमी खात, कमी फिरत, बिया कमी आणि जवळच पडत. आणि त्यांतील कितीतरी बिया डांबरी रस्त्यावर पडत, जेथे त्या रुजणे शक्यच नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचले. माकडांचा कळप तोच, गालाच्या पिशव्या त्याच, रानही तेच. बी मात्र मातीत पडावयाची ती डांबरावर पडली. खाऊ घालणाऱ्यास वाटते की आपण एका भुकेल्या जीवास घास दिला. दान देताना घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे विचारण्याची सवय आपल्याला असावयास हवी होती.

बाबासाहेबांचे लेखन वाचून घडलेल्या माणसास 'स्वभाव' हा शब्द ऐकला की थोडी शंका येते. अमुक जन्मला म्हणून अमुकच करणार, हे वाक्य आपल्या देशात फार लोकांविरुद्ध वापरले गेले आहे. आणि गंमत अशी की माकडांच्या बाबतीतही ते पुरते खरे नाही. जपानमधील कोशिमा बेटावर १९५३ साली एका लहान मादीने, संशोधकांनी टाकलेले रताळे पाण्यात धुऊन खाण्यास आरंभ केला. तिचे नाव इमो ठेवले होते. तिच्याकडून तिच्या सवंगड्यांनी आणि आईने ते उचलले, आणि पुढे मातांकडून पिलांनी. सर्वांत मागे राहिले ते वयस्क नर. (शिक्षक-कक्षात ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणी फारसे हसले नाही.) पोट आणि गाल हे जन्माने येतात, परंतु कोठे जावे, काय खावे, कोणास भ्यावे, हे बरेचसे शिकण्याने येते. म्हणूनच रस्त्याकडेला बसणे हेही माकड शिकते, आणि आपल्या पिलास शिकविते.

दक्षिणेत याचे आणखी एक उदाहरण आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील सदाहरित अरण्यात सिंहपुच्छ माकड राहते. वृत्तपत्रे त्यास सिंहपुच्छ वानर म्हणतात, पण गालात पिशव्या असलेले ते माकडच आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीचे धरण रद्द करण्याच्या चळवळीत या प्राण्याचे नाव देशभर झाले. ते जवळपास सर्व आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढते, आणि अण्णामलईच्या डोंगरात कुलेनिया नावाच्या उंच वृक्षाची फुले व फळे हा त्याचा मोठा आधार आहे. तेथीलच वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांनी अरण्याचे तुकडे झाले. शेंड्यावरून शेंड्यावर जाण्याची वाट तुटली. त्यामुळे काही कळप जमिनीवर उतरले, मळ्यातील कॉफीची फळे खाऊ लागले, घरांकडे आणि कचऱ्याकडे वळले, आणि रस्त्यावर वाहनांखाली सापडू लागले. तेथे आता झाडांदरम्यान रस्त्यावरून दोरीचे पूल बांधले आहेत, आणि माकडे त्यांवरून जातात. जातकातील सेतूची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. फरक एवढाच की येथे सेतू बांधण्याची पाळी आपल्यावर आली, कारण वाट आपण तोडली होती.

महाराष्ट्राचा यात प्रत्यक्ष संबंध आहे. दख्खनच्या पठारावर दोन जातींची माकडे एकमेकांस भेटतात. उत्तरेकडील ऱ्हीसस, आखूड शेपटीचे; आणि दक्षिणेकडील बॉनेट, लांब शेपटीचे, ज्याच्या डोक्यावर केसांची टोपीसारखी भोवरी असते. आपल्या बोलीत दोन्ही 'लाल तोंडाचीच'. तापी आणि गोदावरी या नद्या त्यांच्यातील जुनी सीमा मानल्या जात. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस ही सीमा ओलांडून दक्षिणेस सरकत आहे आणि बॉनेटचा प्रदेश आकुंचित होत आहे. शहरांत पकडलेली माकडे दूर कोठेतरी नेऊन सोडण्याची पद्धतही यास हातभार लावते. एका गावचा त्रास दुसऱ्या गावच्या वेशीवर उतरवून प्रश्न सुटला असे कागदावर लिहिता येते.

बॉनेट माकडाचे दुसरे दुर्दैव रस्त्यांच्या रुंदीकरणाचे. दक्षिणेत रस्त्याकाठच्या वडा-पिंपळांवर त्याचे कितीतरी कळप राहत. ती झाडे तुटली तसे ते कळपही कमी झाले, हे म्हैसूरचे मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले आहे. इतिहासाच्या शिक्षकास येथे सम्राट अशोकाचा सातवा स्तंभलेख आठवतो. मार्गांवर वडाची झाडे लावविली, ती पशूंना आणि मनुष्यांना सावली देतील, आणि आमरायाही लावविल्या, असे त्यात नोंदविले आहे. पशूंचा उल्लेख मनुष्यांच्या बरोबरीने आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. वडाचे फळ खाऊन माकड पुढच्या झाडावर विष्ठा टाकते, आणि त्यातून वडाचे रोप दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात उगवते, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते. मला ठाऊकच नव्हते.

आता शेतकऱ्याची बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख एका अंगाने लंगडा राहील. कोकणातील बागाईतदार, नारळ-केळीवाला, परसातील भाजीवर घर चालविणारी बाई, यांना माकडांचे आणि वानरांचे गुणगान ऐकवत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. एका सकाळी कळप येतो आणि वर्षाची मेहनत जाते. शेतातील पीक हे रानातील फळापेक्षा एकाच जागी अधिक आणि पौष्टिक. एकदा त्याची चटक लागली की कळप तेच शिकतो, जसे बक्साच्या कळपाने रस्ता शिकला. दोन्हीकडे झालेला बदल एकाच जातीचा आहे. परंतु एकाचा खर्च रान सोसते आणि दुसऱ्याचा गरीब माणूस. घाटात गाडी थांबवून केळी फेकणारा पर्यटक माकडास माणसाच्या हातची भीती नाहीशी करून जातो. ते धीट झालेले माकड मग ज्याच्या परसात उतरते तो त्या गाडीत नसतो. प्राणिप्रेमाची चर्चा बहुधा गाडीत बसलेल्यांच्या भाषेत होते, ही माझी जुनी तक्रार आहे.

विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पाहता येईल असे काही सांगतो. कोणत्याही फळझाडाखाली सकाळी जावे आणि जमीन पाहावी. अर्धवट खाल्लेल्या पानांचे देठ, मोडलेल्या डहाळ्या, चावून फोडलेल्या कच्च्या फळांची टरफले पडली असतील, तर वानर येऊन गेला असे समजण्यास जागा आहे. झाडापासून काही अंतरावर, दगडाजवळ किंवा दुसऱ्या झाडाखाली गर नसलेल्या अखंड बिया सुट्या सुट्या पडल्या असतील, तर ते बहुधा माकडाचे काम. मात्र वटवाघळेही बिया दूर नेऊन टाकतात, हे विसरू नये. प्राणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून वहीत नाव लिहू नये.

रायगडच्या त्या विद्यार्थिनीने गतवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम केले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने वही आणून दिली. एका पानावर लिहिले होते : परसातील जांभूळ. टोळी सकाळी आली, तोंडे लाल, शेपट्या लांब, गाल भरलेले. झाडापासून चाळीस पावलांवर बांधाकडेला अकरा बिया, प्रत्येक वेगळी, गर नाही. प्रत्येकीजवळ काडी रोवली. त्याखाली दुसऱ्या शाईत : आजोबा म्हणाले, याच टोळीने केळीचे दोन घड नेले, त्याचीही नोंद कर.

तिने तीही केली होती. जुलैमध्ये आजोबांनी दूरध्वनीवरून कळविले ते तिने त्याच पानावर पुढे लिहिले : अकरापैकी चार रुजल्या, एक शेळीने खाल्ली, उरलेल्या तिघींस आजोबांनी काटेरी फांद्यांचे कुंपण केले.